नवे सेल आधी बॅटरीत

त्या घरात फ्रीजच्या दारातल्या खळग्यांत अंड्यांऐवजी सेल बसवलेले असत. अंडी खाली भाजीच्या कप्प्यात एकमेकांना धक्के देत पडलेली, आणि वर मानाच्या जागी पेन्सिल सेल. गारव्यात सेल टिकतो असं चष्मेवाल्याच्या बायकोने कधीतरी कुणाकडून ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलेली काटकसर ती सहसा विसरत नसे.

सेलचं आयुष्यही त्या घरात रीतसर ठरलेलं होतं. नवा सेल आला की तो आधी हातबॅटरीत जाई. बॅटरीचा उजेड पिवळा पडला की रेडिओत. रेडिओचा घसा बसला की भिंतीवरच्या घड्याळात, घड्याळ मागे पडू लागलं की टीव्हीच्या रिमोटमध्ये. आणि रिमोटला दोन थपडा मारूनही काही होईना, की त्याला फ्रीजमध्ये विश्रांतीला पाठवायचं. विश्रांती झाली की पुन्हा घड्याळ. थकलेले सेल त्या घरात पुष्कळ होते, टाकलेला एकही नव्हता. माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत तीच होती, आणि खरी अडचण तिथेच उभी राहिली होती.

चष्मेवाल्याचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. रस्त्याच्या टोकाला जिथे रूळ आडवे जातात, तिथल्या खोपटात त्यांनी सगळी नोकरी काढली. घंटा झाली की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. ती गाडी बंद होऊन कितीतरी हिवाळे लोटले. फाटकाचे दांडे भंगारात गेले, रुळांमध्ये गवत उगवलं आणि त्या गवतावर दर हिवाळ्यात दहिवर गोठू लागलं. म्हाताऱ्याच्या डोक्यातली गाडी मात्र वेळेवर धावत होती. घरातली माणसं त्यांना ओळखू येईनाशी झाली होती, पण पहाटेची गाडी ते विसरले नव्हते.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका पहाटे ते सपाता घालून घराबाहेर पडले. पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याला ते जुन्या फाटकापाशी भर रस्त्यात हात आडवा करून उभे दिसले. पाववाला इमानी माणूस. तो थांबला, त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं, गाडीची वाट पाहिली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथून गाडी जात नाही. तोवर म्हाताऱ्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती डॉक्टरांनी काढली. "बाकीची आठ शाबूत आहेत," असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा सूर मोठा आशावादी होता.

चष्मेवाल्याची थोरली बहीण दूरच्या शहरात एका दवाखान्यात मेट्रन होती. तिने फोनवर रडारड केली नाही. तिच्याजवळच्या वृद्धाश्रमात महिनाअखेर एक खाट रिकामी होत होती. ती कशी रिकामी होत होती हे तिने सांगितलं नाही आणि भावाने विचारलं नाही.

"तिथे ऊब आहे, आणि दाराला कुलूप आहे," ताई म्हणाली. "तुझ्याकडे यातलं एक तरी आहे का?"

ऊब होती. कुलूपही एकदा लावून पाहिलं होतं. त्या पहाटे म्हातारा कडीवर हात ठेवून उजाडेपर्यंत दारापाशी उभा राहिला. त्यांनी आरडाओरडा केला नाही की दार बडवलं नाही. नुसतं सांगत राहिले, "साहेब, किल्ली द्या. दोन्हीकडे माणसं खोळंबलीत. कुणाचं बाळंतपण असेल, कुणाची मयत असेल." इतक्या अदबीने सांगत होते की सुनेला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडावा लागला. जन्मभर जो माणूस लोकांसाठी फाटक उघडत आला, त्याला कुलपात ठेवायचं नाही, हे नवराबायकोंनी त्याच दिवशी ठरवलं.

ताई शनिवारी येणार होती. रविवारचा दिवस पाहून, नीट विचार करून काय ते ठरवणार होती. म्हणजे खाट ठरलेलीच होती. भावाला फक्त एवढंच दाखवायचं होतं की कुलपावाचूनही बाबा सांभाळता येतात. म्हणून त्याने घंटा आणायची ठरवली.

घंटा म्हणजे दोन वस्तू होत्या. एक डबी अंगणाच्या फाटकाच्या खांबावर ठोकायची. दुसरा भोंगा घरात उशाशी ठेवायचा. फाटक उघडलं की बाहेरची डबी आतल्या भोंग्याला कळवणार. भोंगा घरातल्या विजेवर चालायचा, डबीला दोन पेन्सिल सेल.

"डबी आत लावणार की बाहेर?" विजेच्या सामानाच्या दुकानदाराने विचारलं.

बाहेर, असं कळल्यावर दुकानदाराने मागच्या फळीवरून एक चपटं पाकीट काढलं. म्हणाला, हे लिथियमचे घ्या. आपले नेहमीचे सेल असतात त्यांच्या आत ओल असते, कडक थंडीत ती ओल गारठते आणि सेल बसून राहतो. यांच्यात पाणीच नाही, मग गारठणार काय? चष्मेवाला हसला. घरी फ्रीजभर सेल होते. आणि सेल गारव्यात टिकतात हे तर जगजाहीर होतं; मग बाहेरची थंडी म्हणजे केवढा मोठा फ्रीज. त्याने तसं बोलून दाखवलं.

दुकानदाराने त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "चष्मेवाले, गारव्यात सेल टिकतो, कारण तो झोपतो. झोपलेला माणूस खातो कमी, हे खरं. पण राखण करतो का?"

बोलणं चांगलं होतं. एवढं चांगलं की चष्मेवाल्याला संशय आला. तो स्वतः दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर भिंगं चढवून, "हे स्पष्ट की हे? आता हे, की मघाचं?" असं विचारत असे, आणि शेवटी कधीच वाफ न धरणारी महाग काच गळ्यात मारत असे. दुकानदाराच्या गळ्यातला गोडवा त्याला घरचाच वाटला. त्याने नुसती घंटा घेतली.

घरी आल्यावर त्याने फ्रीजच्या दारातून दोन सेल निवडले. बायकोने ते कानाशी धरून हलवून पाहिले, आणि हे दोघं चांगले आहेत म्हणून शिफारस केली. डबी खांबावर बसली. म्हातारा पायाचं बँडेज सावरत खुर्चीत बसून हे काम पाहत होता.

"कसली घंटा?" त्यांनी सुनेला विचारलं.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "आपल्या घरात एक म्हातारे आहेत, बाबा. ते पहाटे निघून जातात. फाटक उघडलं की कळावं म्हणून."

म्हाताऱ्याने बराच वेळ मान हलवली. "थंडीचे दिवस आहेत," ते म्हणाले. मग काळजीने विचारलं, "त्याला कोणी नाही का?"

"आहेत ना. आम्ही आहोत."

"मग लक्ष ठेवा. नुसत्या घंटेवर विसंबू नका. घंटा बंद पडली तर फाटकवाल्याने फाटकापाशी स्वतः उभं राहायचं. बदली येईस्तोवर जागा सोडायची नाही. असा नियम आहे."

सुनेने बरं म्हटलं आणि त्यांच्या गुडघ्यावरची शाल नीट केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चष्मेवाला परीक्षा घ्यायला उठला. बँडेज असेपर्यंत बाबा कुठे जाणार नव्हते, तेव्हा बाबांचं काम त्यानेच करायचं ठरवलं. अंधारात फाटकापर्यंत गेला, फाटक उघडलं, कान दिले. घर निजलेलं होतं. फाटक लावलं, पुन्हा उघडलं. बायको खिडकीत येऊन हातानेच विचारत होती, कधी उघडणार?

त्याने डबी काढून घरात आणली आणि चुलीजवळच्या मेजावर ठेवून उघडझाप केली. भोंगा असा वाजला की मेजावरचा पेला हलला. पुन्हा खांबावर लावली, तर गप्प. पुन्हा आत आणली, तर ठणठणीत. आजारी पोर डॉक्टरसमोर गेलं की हसू लागतं, तसं त्या डबीचं होतं. तो ती दुकानदाराकडे घेऊन गेला. दुकानात शेगडी पेटलेली होती. डबी तिथेही उत्तम वाजली. दुकानदार नुसता त्या चपट्या पाकिटाकडे पाहत राहिला, आणि त्याने तसं पाहिलं म्हणूनच चष्मेवाल्याने ते पाकीट त्या दिवशीही घेतलं नाही.

मग दुपारचा प्रकार सुरू झाला. ऊन वर आलं की खांब तापायचा, डबीतल्या सेलना जाग यायची, आणि डबी जागी झाल्याची पहिली खूण म्हणून घरातला भोंगा एकदा कर्कश वाजायचा. सून हातातलं टाकून धावत फाटकापर्यंत जायची. तिथे कोणी नाही. परत यावं तर म्हातारा टेबलाशी दुधात पाव बुडवत बसलेला. म्हणजे जो बाहेर जाईल त्याच्यासाठी ही घंटा गप्प, आणि समोर बसून जेवणाऱ्यासाठी बोंब मारणार.

"पहाटेची गाडी आज पण दुपारी," म्हातारा पाव चावत म्हणायचा. "लाईनीवर कुणाचं लक्ष नाही."

सुनेने उपाय काढला. तिने डबीला लोकरीचा जुना मोजा घातला. दोन दिवस ती डबी खांबावर आजारी माणसासारखी गुंडाळलेली होती. पण मोज्याच्या आत ज्याची स्वतःची ऊब नाही, त्याला मोजा काय देणार? पहाटे तपासलं तर मोज्याने आतली थंडीच जपून ठेवली होती. उलट आता दुपारी ऊनही आत जाईना, तेव्हा घंटा दुपारचीही वाजेनाशी झाली. चष्मेवाल्याने सेल बदलून पाहिले. फ्रीजमधले झाले, घड्याळातले झाले, चार्जिंगचे झाले. खांबापाशी उभा राहून, बोटं फुंकरत, तो एक जोडी काढी, दुसरी घाली, आणि सवयीने पुटपुटे, हे बरं की मघाचं? मघाचंही नव्हतं, हेही नव्हतं. आणि घरातलं घड्याळ या सगळ्यात बंद पडलं ते वेगळंच.

शनिवारी सकाळी बाबांच्या पायाचं बँडेज निघालं. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालवून पाहिलं आणि चाल सुरेख आहे म्हणून पाठ थोपटली. ती सुरेख चाल चष्मेवाल्याने व्हरांड्याच्या टोकापर्यंत पाहिली. तिथून तो सरळ विजेच्या दुकानात गेला आणि मान खाली घालून म्हणाला, ते पाकीट द्या.

दुकानदाराने ते आधीच काढून गल्ल्याशेजारी ठेवलेलं होतं.

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याने वाटेत घरी डोकावून पाकीट बायकोच्या हातात दिलं, घंटेसाठी आणलेत म्हणून सांगितलं, आणि गेला. कुठे घाल, कसे घाल हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. तिलाही विचारायची गरज वाटली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवे सेल कुठे जातात हे आता का विचारायचं?

तिने पाकीट फोडलं. सेल हातात हलके लागले, म्हणून तिला जरा भरवसा वाटेना. नवे सेल तिने रीतीप्रमाणे हातबॅटरीत घातले. बॅटरीतले होते ते ऐन भरातले, महिन्याभरात पारखून घेतलेले, अंधारात कधी दगा न दिलेले. ते तिने मन घट्ट करून घंटेला दिले. घड्याळाला नाही, रेडिओला नाही, घंटेला. तिच्या हिशेबाने घंटेला याहून मोठा मान मिळूच शकत नव्हता. मोजा धुऊन वाळत टाकला.

दिवस मावळताना ताई आली. जाडजूड कोट आणि हातात एकच बॅग. तिने आधी बाबांचा पाय पाहिला, मग त्यांच्या खोलीची खिडकी, मग फाटक. फाटक तिने स्वतः उघडलं. डबीत सेल नुकतेच, उबदार हातांनी घातलेले होते. घरात भोंगा खणखणीत वाजला. भावाने बायकोकडे पाहिलं, बायकोने अभिमानाने मान खाली घातली. ताईने पुन्हा एकदा फाटक लावून उघडलं, आणि दुसऱ्यांदा भोंगा वाजल्यावर तिच्या खांद्यांवरचं काहीतरी थोडं सैल झालं. ती वाईट नव्हती. तिने दवाखान्यात अशा पायांची बोटं मोजली होती, एवढंच.

बाबांनी तिला ओळखलं नाही. "बाई, तुमची गाडी चुकली का?" त्यांनी विचारलं.

"चुकली," ताई म्हणाली. "आज इथेच राहते."

जेवणं झाली. सुनेने सासऱ्याच्या खाटेखाली जाड मोजे आणि चामड्याचे बूट ठेवले. बँडेज निघालं होतं, आता पाय उघडे नकोत. ताईने आपला बिछाना बाहेरच्या खोलीत घालून घेतला. बाहेर आभाळ निरभ्र झालं, वारा पडला, आणि थंडी आपल्या पावलांनी आली. तिने आधी बादलीतलं पाणी धरलं, मग दोरीवरचा मोजा धरला, मग खांबावरच्या डबीवर हात ठेवला.

फटफटायच्या आधी ताईनेच भावाला हलवून उठवलं.

"अरे, घंटा वाजली का?"

"नाही."

"मग बाबा कुठायत?"

खाट रिकामी होती. घरात पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. पुढचं दार नुसतं लोटलेलं. चष्मेवाल्याने खुंटीवरची हातबॅटरी ओढली आणि दाबली, आणि अंगण झगझगीत पांढरं झालं. तो दचकून मागेच सरकला. त्या घरातल्या बॅटरीने असा उजेड कधी पाडला नव्हता. शेजारच्या छपरावरचं गोठलेलं दहिवर दिसत होतं, त्याच्या पलीकडच्या झाडाची एकेक काडी दिसत होती. असल्या मरणाच्या थंडीत तो उजेड तसूभर थरथरला नाही.

"यात हे सेल कुणी घातले?" त्याने अगदी हळू विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "नवे सेल आधी बॅटरीतच घालतो ना आपण?"

 त्याने तोंडाभोवती मफलर गुंडाळला आणि धावत सुटला. ताई त्याच्या मागे, रात्रीच्या कपड्यांवर कोट घालून. फाटक अर्धवट उघडं होतं. ते ढकलून दोघं रस्त्याला लागले. मागून बायकोने काहीतरी हाक मारली, ती मफलरमध्ये आणि धापांमध्ये विरून गेली.

मफलरमधून श्वास वर चढत होता आणि चष्म्यावर वाफ धरत होती. कधीच वाफ न धरणारी काच ती. त्याने आपल्या हातांनी बसवलेली. हातात एवढा उजेड असून त्याला पुढे नुसतं दूध दिसत होतं. ताई त्याच्या बाहीला धरून ओढत होती. दोघं एकदा कुंपणावर गेले, एकदा कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यावर. डबा घरंगळत उतारावर गेला तेव्हा दोन घरांत दिवे लागले.

जुन्या फाटकापाशी कोणी नव्हतं. रूळ पांढरे झाले होते. ताईने बॅटरी हातात घेऊन रुळांच्या अल्याड पाहिलं, पल्याड पाहिलं, खोपटाच्या पडक्या भिंतीमागे पाहिलं. मग तिने उजेड जमिनीवर पाडला आणि तसाच धरला. दहिवरावर त्या दोघांची पावलं होती. तिसरं पाऊल नव्हतं.

"इथे आलेच नाहीत," ती म्हणाली.

मग कुठे गेले, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नदी होती. परत येताना भाऊ मध्येच थांबला आणि म्हणाला, "ताई, तू म्हणतेस तेच कर. ती खाट त्यांना दे." त्याचा आवाज म्हाताऱ्याच्या किल्ली मागतानाच्या आवाजासारखा होता.  ताईने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, कोटाच्या अस्तराने पुसला आणि परत घातला. लहानपणी तिने त्याचं नाक पुसलं असेल, तसं.

म्हणून घराजवळ येताना त्याला नीट दिसलं. अंगणाचं फाटक बंद होतं. फाटकाच्या आत, खांबाला पाठ लावून, पालथ्या बादलीवर म्हातारा बसला होता. अंगात जुना कोट, पायांत बूट. कोटावरून सुनेने रजई घातलेली. सून शेजारी उकिडवी बसली होती, तिचा उजवा हात अंगाशी घट्ट आवळलेला. डबी उघडी, रिकामी, म्हाताऱ्याच्या मांडीवर.

"मी हाका मारल्या," ती म्हणाली. "बाबा खांबाच्या आडोशाला होते. तुम्ही दोघं त्यांच्या शेजारून पळालात."

"फाटक उघडं टाकून पळाले," म्हातारा तिला म्हणाला. "अशी माणसं गाडीखाली येतात."

चष्मेवाल्याने बायकोला विचारलं की हाताला काय झालं. काही नाही, ती म्हणाली, काखेत सेल आहे. एक माझ्या, एक बाबांच्या. गारठलेत. बाबा म्हणाले, ऊब दिली की उठतात, फाटकावर आम्ही असंच करायचो. तिने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की हसावं की रडावं ते त्याला कळेना. इतक्या दिवसांच्या परीक्षा, दुकानदार, मोजा, एवढं सगळं करून शेवटी सेलला जे हवं होतं ते एका म्हाताऱ्याच्या काखेत होतं.

ताई खाली बसली. तिने बाबांच्या पायातले बूट काढले, मोज्यांत हात घातला आणि बोटं चाचपली. आठही गरम होती. मग तिने बूट परत चढवले, नाड्या बांधल्या, आणि नाड्या बांधता बांधता, वर न पाहता विचारलं, "इथे का बसलात?"

म्हाताऱ्याला तिच्या अडाणीपणाचं वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी समजावून सांगितलं.

"बाई, या घरात एक म्हातारा आहे. डोकं गेलंय बिचाऱ्याचं. पहाटे उठून निघून जातो. त्याच्यासाठी ही घंटा लावलीय. मी गाडीला निघालो, फाटक उघडलं, तर घंटा बंद. घंटा बंद असली तर जागा सोडायची नाही. म्हणून बसलो."

"आणि तुमची गाडी?"

"जाऊ दे एक दिवस," म्हातारा म्हणाला. "तो गेला असता म्हणजे?"

 ताईच्या हातातली बॅटरी जमिनीवर पांढरं वर्तुळ पाडून जळत होती, आणि ती विझवायचं कुणाला सुचत नव्हतं. शेवटी चष्मेवाल्याने ती घेतली. बॅटरीतले सेल काढून त्याने डबीत घातले, डबी खांबावर बसवली आणि फाटक उघडून दाखवलं. घरात भोंगा वाजला. गोठलेल्या पहाटेत, नको तेवढ्या थंडीत, पहिल्यांदाच, जसा वाजायला हवा तसा वाजला. सुनेचा चेहरा उजळला. आता सगळं ठीक होतं.

म्हातारा उठला. त्यांनी रजई घडी करून सुनेच्या हातात दिली. "झालं," ते म्हणाले. "घंटा चालू झाली, आता मी मोकळा." आणि कोटाची बटणं लावून, उघड्या फाटकातून, सुरेख चालीने ते रस्त्याला लागले.

घरात भोंगा वाजतच होता. तिघं क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. पहिली ताई हलली. ती रस्त्यावर गेली नाही, खांबाकडे गेली. डबीचं झाकण उघडून तिने दोन्ही सेल काढले आणि कोटाच्या खिशात टाकले. भोंगा थांबला.

"फाटकवाले," तिने हाक मारली. दवाखान्यातल्या आवाजात, जो ऐकून लोक वळतात. "घंटा पुन्हा बंद पडली."

म्हातारा थांबला. त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे एकदा पाहिलं. मग सुस्कारा टाकला, वळले आणि परत आले.

त्याच दिवशी डबी खांबावरून उतरली आणि घरात, पुढच्या दाराच्या चौकटीवर, बिनसेलची बसली. तिच्याखाली खुर्ची आली, खुर्चीजवळ शेगडी आली. बाबांना सांगितलं की घंटा बंद आहे, बदली यायला वेळ लागेल, तोवर तुम्हीच पाहा. त्यांनी तक्रार केली नाही. पहाटे ते बूट घालत, कोट घालत आणि खुर्चीवर येऊन बसत. सून त्यांना चहा नेऊन देई. खरी घंटाही चष्मेवाल्याने दुसरी आणून फाटकावर लावली. तिला ते चपट्या पाकिटातले सेल त्याने स्वतःच्या हाताने घातले. बायकोला ते पाहवलं नाही. ती त्या वेळी फ्रीज पुसत होती.

ताई दोन दिवसांऐवजी आठवडाभर राहिली. आश्रमाला तिने फोन करून सांगितलं की खाट अजून नको. कुणी दुसरं गरजू असेल तर द्या. एवढंच. मग तिने बाबांना दोन जास्तीचे मोजे आणून दिले, एकाच मापाचे नव्हे, डावा जरा आखूड.

निघायच्या सकाळी ती बॅग घेऊन दारापाशी आली तेव्हा म्हातारा खुर्चीवर होता. त्यांनी तिला आडवा हात केला. ती थांबली.

"तो म्हातारा कसा आहे?" तिने विचारलं.

म्हातारा वळला, खोलीतल्या आपल्या रिकाम्या खाटेच्या दिशेने कान देऊन त्यांनी थोडा वेळ ऐकलं.

"झोपलाय," ते हळूच म्हणाले. "उठवू नका. पहाटे त्याला जाग येते, तेव्हा मी असतो."

मग त्यांनी हात वर उचलला, आणि तिला जाऊ दिलं.